दोन मीटरचं बाल्सा ग्लायडर: मापं, बांधणी आणि पहिल्या फेकी

रेडिओने उडवायचं हे ग्लायडर रडर (शेपटीचं उभं सुकाणू), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप) आणि स्पॉयलर (पंखावरची, उघडली की उचल मारणारी झडप) एवढ्यावरच चालतं. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरच्या, ग्लायडर कलवणाऱ्या झडपा) नाहीत, मोटर नाही. पंखविस्तार २००० मिमी. पहिल्यांदा बांधताना यापेक्षा लहान करायचा मोह टाळा. लहान मॉडेल शंभर मीटरवर गेलं की कुठल्या बाजूला वळलंय तेच कळत नाही, आणि अरुंद पंखावरून हवा लवकर सुटते.

मापं ठरवताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवा: एकूण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. या आराखड्यात शेपूट सीजीपासून (गुरुत्वमध्य, जिथे ग्लायडर तोललं जातं) साधारण ६८५ मिमी मागे आहे आणि नाकातलं शिसं ३१५ मिमी पुढे. म्हणजे शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात सव्वादोन ग्रॅम शिसं मागतो. गोंदाचा एक जाड थेंबसुद्धा या हिशेबातून सुटत नाही.

कागदावरचं ग्लायडर

पंखाचे चार तुकडे. आतले दोन प्रत्येकी ६०० मिमी लांब, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) सलग २०० मिमी. बाहेरचे दोन प्रत्येकी ४०० मिमी, कॉर्ड २०० वरून १२० मिमीपर्यंत निमुळती. क्षेत्रफळ ३६.८ चौरस डेसिमीटर, सरासरी कॉर्ड १८७ मिमी. उडतं वजन ४८० ग्रॅम धरलं तर दर चौरस डेसिमीटरला १३ ग्रॅम पडतात, आणि ग्लायडर ताशी १६ किमीच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल तुटते. शिकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळेल इतकं हे हळू आहे.

शेपटीचं माप अंदाजाने काढू नका. आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासूनचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले सरासरी कॉर्ड. हा आकडा ०.४० च्या जवळ हवा. अंतर ७०० मिमी घेतलं तर ३.९ चौरस डेसिमीटर येतात, म्हणजे ४४० × ९० मिमी. उभ्या शेपटीसाठी कॉर्डऐवजी पूर्ण पंखविस्तार घ्या आणि आकडा ०.०२५ धरा: २०० मिमी उंच, सरासरी १३० मिमी रुंद, त्यातला ७० मिमी रडर. रडर एवढा मोठा अशासाठी की वळायचं सगळं काम त्याच्याकडेच आहे.

वळण होतं ते डायहेड्रलमुळे, म्हणजे पंख टोकाकडे वर उचललेले असल्यामुळे. रडर डावीकडे दिला की नाक डावीकडे फिरतं, उजवा पंख पुढे येतो, त्याला हवा जास्त कोनात लागते, तो उचलला जातो आणि ग्लायडर डावीकडे कलतं. पंख सपाट असेल तर ते नुसतंच तिरकं घसरत राहील. आतला तुकडा ४ अंश वर (६०० मिमीला ४२ मिमी उचल), आणि बाहेरचा त्याच्या वर आणखी ७ अंश (४०० मिमीला ४९ मिमी).

एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) म्हणून एजी ३५ घ्या. एमआयटीचे मार्क ड्रेला यांची ही मालिका अशा हळू ग्लायडरसाठीच आहे, जाडी कॉर्डच्या ८.७ टक्के, आणि मागचा भाग खालून सपाट असल्यामुळे पंख पाटावर बांधता येतो. क्लार्क वाय काढायला सोपा आणि चुका पोटात घालणारा आहे, पण त्याची जाडी ११.७ टक्के, या वेगाला तो ओढ जास्त निर्माण करतो. ताशी २२ किमीला मधल्या कॉर्डचा रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि कॉर्डवरून निघणारा, हवा पंखावरून कशी वाहील ते सांगणारा) ८२ हजारांच्या घरात असतो आणि टोकाचा ५० हजारांखाली. पातळ एअरफॉइलचा फायदा इथेच दिसतो. आपली मापं बदलून बघायची असतील तर एक्सएफएलआर-५ हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, पण त्यातून निघालेला सीजी ही फक्त सुरुवात समजा.

वजनाची वाटणी ग्रॅममध्ये अशी: पंख २१०, पॉड (पुढचं पोकळ धड) आणि मागची नळी ९०, शेपूट १८, तीन सर्व्हो (झडपा हलवणारी छोटी यंत्रं) २७, रिसीव्हर ८, बॅटरी ५०, तारा-स्क्रू-हुक १५, शिसं ५०–६०. हा कागद कामाच्या टेबलावर चिकटवा आणि प्रत्येक भाग झाला की तोलून त्याच्यापुढे खरा आकडा लिहा.

लाकूड निवडणं

बाल्साच्या एकाच मापाच्या दोन पाट्यांत दुपटीचा फरक असू शकतो. १००० × १०० × १.५ मिमीची हलकी पाटी १५ ग्रॅम भरते, जड पाटी ३०. वजनकाट्याशिवाय पाटी निवडू नका. रिबसाठी (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) अंगावर खवल्यांसारखी चमकदार नक्षी असलेली पाटी घ्या. ती आडवी वाकत नाही, जोर दिला तर तडकते. पुढच्या कडेवर गुंडाळायच्या १ मिमी पाटीला ही नक्षी नको; तिथे सरळ रेषांची, सहज गोल वळणारी पाटी लागते. या दोन्ही उलट वापरल्या की रिब लवचीक होतात आणि पुढची कड गुंडाळताना फुटते. पहिल्या पंखात बहुतेकांचं हेच होतं.

पंख

रिब १.५ मिमीच्या, दर ५० मिमीला एक. आतल्या प्रत्येक तुकड्यात १३, बाहेरच्यात ९, एकूण ४४. आतल्या रिब सगळ्या सारख्या, म्हणून पातळ प्लायचे दोन साचे करून त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे स्क्रूने आवळा आणि एकत्रच घासा.

पंखाचा कणा असलेला स्पार म्हणजे स्प्रूस लाकडाच्या ६ × ३ मिमीच्या दोन पट्ट्या, एक वर आणि एक खाली, आणि त्यांच्यामध्ये बाल्साचा २ मिमीचा उभा पडदा. हे माप कुठून आलं ते पाहा. ग्लायडर रबरी दोरीने वर खेचताना पंखावर वजनाच्या पाचपट भार येतो. अर्ध्या पंखाचा भार मध्यापासून सरासरी साडेचारशे मिमीवर धरला, तर मधोमध वरच्या पट्टीवर सुमारे ३७ किलोचा दाब पडतो. १८ चौरस मिमीच्या पट्टीत तो २० मेगापास्कल होतो. चांगला स्प्रूस ३५ च्या आसपास चिरडतो, म्हणजे हाताशी पावणेदोन पट राखीव राहते. वरच्या पट्टीत गाठ किंवा तिरका धागा असेल तर ही राखीव संपली. दोरीवर मोडणारे पंख बहुधा वरच्या पट्टीतूनच मोडतात, कारण ती दाबाखाली असते आणि खालची ताणाखाली.

मधल्या पडद्याच्या बाल्साचे धागे उभे असायला हवेत. आडवे ठेवले तर पट्ट्या एकमेकींकडे दाबल्या जातात, बाल्सा स्पंजासारखा चेपतो आणि स्पार कोलमडतो. पडद्याचा प्रत्येक तुकडा दोन रिबच्या मधल्या जागेत चपखल बसवा. अर्धा मिमी फट राहिली तर तिथे गोंद भरू नका, नवा तुकडा कापा.

बांधणीचा क्रम: नकाशावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद अंथरा, खालची पट्टी टाचण्यांनी बसवा (टाचणी पट्टीच्या शेजारी, तिच्यातून नाही), रिब उभ्या करा, २० × ४ मिमीची मागची कड लावा, मग वरची पट्टी, मग पडदे. एअरफॉइलचा पुढचा भाग पाटापासून उचललेला असतो, म्हणून पुढच्या कडेखाली सलग आधारपट्टी द्या; नाहीतर रिब पुढे झुकलेल्या अवस्थेतच चिकटतात. लाकडाच्या जोडांना पांढरा गोंद वापरा. सायानो (सुपरग्लू) झटपट आहे, पण झटपटपणामुळेच वाकडं चिकटलेलं सुधारता येत नाही.

आता या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक टप्पा. पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत वरून आणि खालून १ मिमी बाल्सा लावला की इंग्रजी डी अक्षरासारखी बंद पेटी तयार होते. पंखाला पीळ सहन करण्याची ताकद या पेटीतूनच मिळते. वरची पाटी चिकटण्याआधी पंख एका हाताने सहज पिळता येतो. चिकटल्यावर जो पीळ असेल तो कायमचा. म्हणून बाहेरच्या तुकड्याची वरची पाटी लावण्याआधी टोकाच्या मागच्या कडेखाली ३ मिमीची पट्टी सरकवा. त्याने टोक दीड अंश खाली वळतं आणि हळू वेगात टोकाआधी मधला भाग स्टॉल होतो. टोक आधी स्टॉल झालं तर ग्लायडर एका पंखावर कोसळतं, आणि वीस मीटरच्या खाली ते सावरत नाही. दोन्ही टोकांखाली एकाच पट्टीचे तुकडे वापरा. पीळ दीडऐवजी दोन अंश झाला तर फारसं बिघडत नाही. डावीकडे दोन आणि उजवीकडे एक झाला तर ग्लायडर आयुष्यभर एका बाजूला ओढत राहतं.

मधला जोड २ मिमी प्लायच्या कोन दिलेल्या पट्ट्यांनी, स्पारच्या पुढून आणि मागून, इपॉक्सीने पक्का करा. पट्टी दोन्ही बाजूंना किमान दोन रिबपर्यंत जावी, आणि तिचं टोक निमुळतं हवं. चौकोनी टोकापाशी पंख मोडतो. बाहेरचे तुकडे काढता येण्यासारखे ठेवा: ४ मिमी पियानो वायर ७ अंशांत वाकवून दोन्हीकडच्या पितळी नळ्यांत सरकवा आणि वरून टेप लावा.

स्पॉयलर प्रत्येक आतल्या तुकड्यावर २०० × ३० मिमीचा, स्पारच्या लगेच मागे, मध्यापासून २५० मिमीवर सुरू होणारा. मध्याजवळ आणू नका. त्यातून उठलेली खळबळ थेट आडव्या शेपटीवर जाते. दोन्ही एका सर्व्होच्या दोऱ्याने उघडतात आणि छोट्या चुंबकाने बंद राहतात.

शेपूट, पॉड, फिल्म

शेपटीला लागणाऱ्या साडेसहा चौरस डेसिमीटरसाठी ४ मिमीची सलग पाटी वापरली तर साध्या बाल्सात ४० ग्रॅम भरतात. त्याच जाडीच्या काड्यांची तिरप्या आधारांची चौकट फिल्मसकट (वरून इस्त्रीने चिकटवायचं पातळ आवरण) १७–१८ ग्रॅममध्ये होते. फरक वीस-बावीस ग्रॅमचा, म्हणजे नाकात जवळपास ५० ग्रॅम शिसं. एक संध्याकाळ जास्त घालवायला याहून चांगलं कारण नाही.

पॉड साधा आहे: ३ मिमी बाल्साच्या बाजू, आतून ०.८ मिमी प्लाय, आतली रुंदी ३२ मिमी, नाक पंखाच्या पुढच्या कडेपासून २७० मिमी पुढे. मागे १० मिमी व्यासाची, ७५० मिमी लांब कार्बनची नळी. नळीचं टोक घासून खरखरीत करा, नाहीतर इपॉक्सी पकडत नाही. घासताना पाणी वापरा आणि नाकाला मास्क लावा, कार्बनची धूळ वाईट. पंख पॉडवर दोन एम-५ नायलॉन स्क्रूंनी बसतो. इथे धातूचे स्क्रू नकोत. आपटल्यावर नायलॉन तुटतं आणि पंख वाचतो. पंखाचा कोन आडव्या शेपटीच्या तुलनेत २ अंश ठेवा, म्हणजे २०० मिमीच्या कॉर्डला पुढची कड ७ मिमी उंच.

फिल्म चौरस मीटरला ३०–४० ग्रॅमची हलकी घ्या. जाड फिल्मने फक्त पंखावर २० ग्रॅम वाढतात. आधी खालची बाजू, मग वरची. इस्त्रीने कडा चिकटवून झाल्यावर मधला भाग ताणताना दोन्ही बाजू आळीपाळीने तापवा, नाहीतर ताणलेली बाजू पंख स्वतःकडे ओढते. मग तीन मीटर मागे उभे राहून पंख डोळ्याच्या पातळीवर ठेवून पाहा. पीळ दिसला तर एकाने पंख उलट पिळून धरावा, दुसऱ्याने फिल्म पुन्हा तापवावी, आणि गार होईपर्यंत हात सोडू नये.

रेडिओ आणि हालचाली

२.४ गीगाहर्ट्झचा कोणताही चार चॅनलचा सेट पुरतो. सर्व्हो ९ ग्रॅमचे. बॅटरी चार एएए निकेल-मेटल हायड्राइड सेलची. दीड तास उडवून झाला की उतरवा. ०.८ मिमी पोलादी तार प्लास्टिकच्या नळीतून न्या आणि ती नळी कार्बनला दर १५० मिमीवर टेपने बांधा. हे न केल्यास ढकलताना तार धनुष्यासारखी वाकते, एलिव्हेटर सैल पडतो आणि वेगात फडफडायला लागतो. तशी फडफड काही सेकंदांत बिजागरी फाडते. कार्बन रेडिओलहरी अडवतो, म्हणून रिसीव्हरच्या अँटेना पॉडमधून बाहेर काढा आणि नळीपासून लांब ठेवा.

एलिव्हेटर वर-खाली ८ मिमी, रडर दोन्हीकडे ३० मिमी, दोन्हींवर २५ टक्के एक्सपो (काठीच्या मध्याजवळ हालचाल सौम्य करणारी सेटिंग). फेलसेफमध्ये स्पॉयलर उघडा आणि रडर थोडा एका बाजूला ठेवा. सिग्नल तुटला तर ग्लायडर क्षितिजापार न जाता गोल गोल फिरत खाली यावं. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग रिसीव्हर. बंद करताना उलट.

सीजी आणि हाताने फेक

पहिला सीजी पुढच्या कडेपासून ६५ मिमीवर. पंखाखाली त्या रेषेवर दोन बोटं ठेवून तोला. नाक किंचित खाली झुकलं तर चालतं, शेपूट झुकली तर नाही. शिसं घालण्याआधी बॅटरी जितकी पुढे जाईल तितकी ढकला.

पहिली फेक मऊ गवतावर, वारा जवळजवळ नसताना, असेल त्याच्या तोंडावर. पंख सपाट धरा, नाक समोरच्या मैदानावर पन्नास मीटर लांबच्या एखाद्या जागेकडे रोखा आणि दोन पावलं धावत भाल्यासारखं सरळ सोडा. वर फेकू नका. वर फेकलेलं ग्लायडर तिथेच थांबतं आणि नाकावर येतं, आणि त्यातून ट्रिमबद्दल, म्हणजे झडपांच्या मधल्या स्थितीबद्दल, काहीही कळत नाही. खांद्याच्या उंचीवरून ते वीसेक मीटर जाऊन पोटावर टेकायला हवं. नाक वर-खाली लाटांसारखं करत असेल तर एलिव्हेटर खाली दोन टिचक्या. थेट जमिनीकडे जात असेल तर वर. पाच-सहा फेकींत ते सरळ जात नसेल तर ट्रिम सोडा, पंखाचा पीळ पुन्हा तपासा.

उंचीवर गेल्यावर सीजीची खरी परीक्षा घ्या. नाक तीसेक अंश खाली करा आणि एलिव्हेटरची काठी सोडून द्या. जोरात वर उसळलं तर नाक जड आहे. शिसं थोडं कमी करा, सीजी २ मिमी मागे घ्या आणि एलिव्हेटर तेवढा खाली ट्रिम करा. सावकाश, मोठ्या कमानीत सावरलं तर उत्तम. आणखी खाली मुडपत गेलं तर ताबडतोब काठी ओढा, उतरवा आणि शिसं परत घाला. ७५ मिमीच्या मागे या ग्लायडरला नेण्यात अर्थ नाही. नाक जड असलेलं ग्लायडर सुरक्षित वाटतं, पण थर्मलची (वर चढणाऱ्या गरम हवेची) खूण दाखवत नाही.

रबरी दोरी

१५ मीटर लॅटेक्सची नळी, तिला ६० ते १०० मीटर नायलॉन दोरी, टोकाला लोखंडी कडी आणि तिच्याआधी छोटं पॅराशूट किंवा झेंडी, म्हणजे दोरी सावकाश पडते आणि सापडते. वाऱ्याच्या तोंडाकडे खुंटी ठोका, मागे झुकवून, आणि शेजारी दुसरी खुंटी बांधून. ताणलेल्या रबराबरोबर उखडून आलेली खुंटी माणसाला गंभीर जखमी करू शकते, म्हणून दोरीच्या रेषेत कोणीही उभं राहू नये. ताण पावलं मोजून ठरवू नका. स्प्रिंगच्या काट्याने मोजा आणि दीड ते पावणेदोन किलोवर थांबा.

हुक सीजीच्या १० मिमी पुढे. ग्लायडर दोरीवर डावी-उजवीकडे झोकांड्या खात असेल तर हुक मागे गेलाय. नाक खाली ठेवून नुसतंच लांब पळत असेल तर तो पुढे गेलाय. एका वेळी २ मिमी सरकवा. सोडताना नाक तीस अंश वर, पंख सपाट. वर चढताना एलिव्हेटर ओढू नका. ते आपलं आपण चढतं, तुम्ही फक्त रडरने दिशा सांभाळा. माथ्यावर किंचित नाक खाली केलं की कडी सुटते.

हवा शोधणं आणि खाली येणं

थर्मलची खूण छोटी असते: सरळ जाताना एक पंख आपोआप वर ढकलला जातो, किंवा शेपूट उचलली जाऊन वेग वाढतो. पंख वर ढकलला गेला त्याच बाजूला वळा. नवखा माणूस नेमकं उलट करतो, कारण ग्लायडर स्वतःच थर्मलपासून दूर कलत असतं आणि आपण त्याच्याबरोबर जातो. पंचवीस अंशांच्या कलाने घेतलेला गोल सोळा-सतरा मीटर व्यासाचा होतो. आधी मोठा गोल घ्या, कुठल्या बाजूला जास्त चढतंय ते पाहा आणि त्या बाजूला गोल सरकवा. गोल वाऱ्याबरोबर वाहत जाणार. परत येताना वारा समोरून असतो आणि वाटेत खाली जाणारी हवाही लागते, म्हणून हातातली अर्धी उंची खर्च व्हायच्या आत निघा. परतीला एलिव्हेटर किंचित खाली ठेवून वेग वाढवा. वर ओढून तरंगत राहिलात तर उंची तेवढीच जाईल आणि जागेवरच जाईल.

ग्लायडर आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा एवढंच करा: जो पंख खाली दिसतो त्याच्या बाजूला काठी ढकला, जणू त्याला खालून टेकू देताय.

उतरवताना वाऱ्याबरोबर आपल्या शेजारून वीस मीटर उंचीवर जाऊ द्या, दोन वळणं घ्या आणि वाऱ्याच्या तोंडावर या. शेवटचं वळण दहा मीटरच्या वर पूर्ण व्हायला हवं. स्पॉयलर पहिल्यांदा भरपूर उंचीवर उघडून पाहा: नाक कुठे जातं ते बघून तेवढा एलिव्हेटर मिक्समध्ये (स्पॉयलरबरोबर एलिव्हेटर आपोआप हलवणारी सेटिंग) भरा, २ मिमीपासून सुरुवात करा. जमिनीपासून एक मीटरवर स्पॉयलर अचानक बंद करू नका, ग्लायडर उसळून पुन्हा पुढे निघतं. लांब जातंय असं वाटलं तर जाऊ द्या आणि चालत जाऊन आणा.

प्रत्येक जोरदार टेकणीनंतर पंख दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवा आणि कान लावा. कुरकुर ऐकू आली तर स्पारचा पडदा सुटलाय. फिल्म तिथे कापून तो तुकडा बदलल्याशिवाय दोरीला लावू नका.